दिवाणाखालचा चौकोन

"पडली," मी म्हणाले. "हातातून सुटली आणि पडली."

दस्तगीर मिस्त्री गालिचे बसवणारा. चष्मा कपाळावर ढकलून तो गुडघ्यांवर बसला होता आणि खिडकीखालच्या त्या काळ्या डागाकडे बघत होता. डागाला एका बाजूला टोक होतं, दुसऱ्या बाजूला सरळ पाठ. इस्त्रीचं चित्र काढ म्हटलं तर माझ्या चौथीच्या वर्गातली एकही मुलगी ते इतकं हुबेहूब काढणार नाही. दस्तगीरनं करपलेली लोकर चिमटीत चुरली, नाकाशी नेली आणि हात झटकला.

"कवा झालं, वैनी?"

"परवा. शनिवारी."

"तुमच्या पायाबियावर न्हाई ना पडली?"

"नाही."

"मग बरं," तो म्हणाला आणि पिशवीत टेप शोधायला लागला.

त्याच्या 'मग बरं'मध्ये काहीतरी होतं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष त्या टेपकडे होतं. हॉलचं माप घेऊन त्यानं 'हा गालिचा आता गेला, नवा घाला' एवढं म्हटलं की माझं काम होणार होतं.

ही सांगलीतली, विश्रामबागेतली गोष्ट, एकोणीसशे एक्क्याण्णवच्या मे महिन्यातली. मला सदतिसावं लागलं होतं आणि लग्नाला अकरा महिने झाले होते. ह्यांचं दुसरं, माझं पहिलं. हे पाटबंधारे खात्यात एंजिनिअर, मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. ह्यांची पहिली बायको, प्रमिला, तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. मूलबाळ नव्हतं. स्थळ सुचवणारे गृहस्थ म्हणाले होते, "मागे कसलाही पाश नाही." त्या गृहस्थांनी हॉल बघितला नसावा.

हॉलभर गालिचा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, विटकरी रंगाचा, चांगला जाड लोकरीचा. हे तरुणपणी ट्रेनिंगसाठी दिल्लीला गेले होते, तिथल्या गेस्ट हाऊसात कडाक्याच्या थंडीत असा गालिचा त्यांनी पाहिला होता आणि तेव्हापासून तो त्यांच्या मनात भरला होता. दिल्लीची थंडी सांगलीत कुठून आणायची, हा विचार एंजिनिअर माणसानं केला नाही. मे महिन्यात त्याच्यावर चालताना पायांना घाम फुटायचा. आल्यागेल्यानं चपला काढायच्याच, शिवाय पायही पुसायचे. हॉलमध्ये भेळ खायची नाही, पन्हं प्यायचं नाही. आणि एवढं सगळं पाळून आत आलेला प्रत्येक पाहुणा खाली बघून म्हणायचा, "वा, गालिचा सुरेख आहे." मग हे म्हणायचे, "प्रमिलानं पसंत केलेला."

घरातल्या तांब्यांवर, ताटांवर, डब्यांवर 'सौ. प्रमिला दिनकर शिखरे' असं कोरलेलं होतं. ते मी सोसलं. रोज घासून घासून कधी ना कधी नाव झिजतं, अशी माझी समजूत होती. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घातली, सवाष्णीला साडी दिली. ती साडी आणायलाही मीच गेले. प्रमिलाला जांभळा रंग आवडायचा असं हे म्हणाले, म्हणून जांभळी घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, हा रंग तुम्हाला फार शोभेल." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं साडी बांधून दिली.

मुलींना मी शिकवायची, मत्सर पुल्लिंगी आणि असूया स्त्रीलिंगी. माझ्याकडे दोन्ही होते, आणि भांडायचं तर समोर कुणी नव्हतं. जिवंत सवत परवडली. कधी तिची आमटी खारट झाली असती, कधी ती ह्यांच्या अंगावर खेकसली असती. गेलेल्या माणसाची आमटी कधीच खारट होत नाही.

त्यात आणखी एक गोची होती. लग्न ठरायच्या आधी मी माझ्या भावाबरोबर हे घर बघायला आले होते. कऱ्हाडहून माझी होणारी नणंद आली होती, तिनं शिरा केला होता. मी पहिला घास तोंडात घातला आणि ह्यांनी विचारलं, "कसा वाटला?" मी म्हणाले, "छान आहे." ह्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, शिरा ह्यांनीच केला की काय. लग्नानंतर महिन्याभरानं उलगडा झाला. मी गालिचा निघत नाही का म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "अगं, पण तुला तर पहिल्याच दिवशी आवडला होता." तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण नव्या नवरीनं नवऱ्याचा इतका खुललेला चेहरा पाडायचा कसा? मी गप्प बसले, आणि प्रमिलाचा गालिचा आता माझ्याही पसंतीचा ठरला.

शनिवारी डाग पडला. हे ऑफिसमधून आले, डागाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "मिरजेच्या दस्तगीरला निरोप पाठवतो. त्यानंच घातलाय हा. पॅच बसत असेल तर बसवू. नसेल बसत, तर नव्याचं इस्टिमेट घे त्याच्याकडून." मी वरवर हळहळले. कपाटात माझ्या साड्यांखाली कोल्हापूरच्या दुकानातून आणलेला हिरव्या रंगाचा नमुना महिन्यापासून तयार होता. गालिच्याशिवाय ह्यांना करमायचं नाही हे मला ठाऊक होतं. तर मग गालिचा राहू दे, पण तो कुमुदनं पसंत केलेला असू दे.

तर सोमवारी सकाळी दस्तगीर टेप घेऊन भिंतीकडेनं सरकत होता आणि मी त्याच्या मागे मागे होते. मेच्या सुटीमुळे शाळा नव्हती. दस्तगीर म्हणजे पन्नाशी उलटलेला, सडपातळ माणूस. गालिचे ताणून बसवायला आयुष्यभर गुडघ्यानं रेटे दिलेले, त्यामुळे चालताना उजवा पाय किंचित ओढायचा.

"अठरा बाय चौदा," तो म्हणाला.

"मी मोजलंय," मी म्हणाले. "दोनशे बावन्न चौरस फूट. तेवढा लागेल."

"ते फरशीचं गनित झालं, वैनी. गालिचा पन्ह्यावर मोजत्यात. साडीला पन्हा असतो, तसा ह्येलाबी असतो. बारा फुटी. तुमची खोली चौदा. म्हंजे अठरा-अठरा फुटाचं दोन तुकडं घ्याचं. एक आख्खा टाकायचा आनि दुसऱ्यातनं दोन फुटी पट्टी काढायची."

"आणि दुसऱ्यातला बाकीचा?"

"बाकीचा ऱ्हातो."

"मग दुसरा तुकडा लहानच घ्या. त्याच्या आडव्या पट्ट्या कापून लावा."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या बाईला चूक दाखवायची तर जपून दाखवावी, हे त्याला कळत असावं. त्यानं नुसता गालिच्यावरून तळहात फिरवला. फिरवला तिथं रंग फिका झाला. मग उलटा फिरवला, तर तोच पट्टा गडद झाला. "ही लव. समदी एकाच अंगाला पायजे. तुकडा आडवा लावला की जन्मभर येगळा दिसतो. एकाच गुंडाळीतला आसला तरी."

"म्हणजे एवढा गालिचा वाया?"

"वाया कशाला जातोय? मागल्या टायमाला उरलेला साहेबांनी बहिनीला धाडला."

ते खरं होतं. नणंदेच्या झोपायच्या खोलीत तो कऱ्हाडला नांदत होता. मला एकदम हुरूप आला. उरलेला तुकडा कऱ्हाडला, म्हणजे इथे पॅच मारायला काही नाही.

"मग झालंच," मी म्हणाले. "तुकडाच नाही तर पॅच कुठून बसवणार? नव्याचंच इस्टिमेट करा."

"तुकडा हाय की." दस्तगीरनं समोरच्या भिंतीशी असलेल्या दिवाणाकडे बोट दाखवलं. "दिवाणाखालनं काढायचा. पेटीचा दिवाण, खाली कोन बगतंय? तिथला हितं, आनि तिथं दिवाण."

मला तो उपाय सुचला नव्हता. सुचला असता तर शनिवारी मी एकाच डागावर थांबले नसते.

मी आत गेले, साड्यांखालून हिरवा नमुना काढला आणि आणून त्याच्यासमोर धरला. आता लाजून उपयोग नव्हता. "मिस्त्री, मला हा घालायचाय. तुम्ही साहेबांना सांगा, पॅच बसत नाही."

त्यानं नमुना हातात घेतला, उलटा करून त्याची वीण बघितली. "खोटं सांगू?"

"खोटं कसं? नीट बसत नाही म्हणा. दोन वर्षांत उखडेल म्हणा."

"माझा पॅच आजवर उखडल्याला न्हाई," तो म्हणाला. रागावला नव्हता, पण नमुना त्यानं माझ्या हातात परत दिला. "आदी दिवाण तर सरकवू. मग बगू."

दिवाण जड होता. आत ह्यांची जुनी पुस्तकं आणि पाहुण्यांच्या गाद्या. एका बाजूनं त्यानं रेटला, दुसऱ्या बाजूनं मी. हातभर सरकला, मग आणखी हातभर. आणि मी रेटायची थांबले.

दिवाणाखाली गालिच्यात एक चौकोन कापलेला होता. चांगला फूटभर लांबी-रुंदीचा, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. चौकोनातून खालची फरशी दिसत होती, धुळीनं भरलेली.

दस्तगीरनं कपाळाला हात लावला. "इसरलोच की मी. हितला तर गेल्याला हाय."

"कुणी काढला?"

"मीच. सात-आठ वर्सं झाली आसतील."

"कशासाठी?"

तो खिडकीखाली गेला, माझ्या डागापाशी. डागापासून जेमतेम वीतभर अंतरावर त्यानं दोन्ही हातांच्या बोटांनी लव विंचरल्यासारखी बाजूला केली. "हितं बगा."

मी वाकून बघितलं. लवेच्या मुळाशी केसाएवढी रेघ होती. ती सरळ गेली होती, मग काटकोनात वळली होती. अकरा महिने मी त्या जागेवर झाडत होते, त्या जागेवर बसून मटार सोलत होते, आणि मला ती कधी दिसली नव्हती.

"तवाबी इस्त्रीच," दस्तगीर म्हणाला.

"कुणाची?"

"पयल्या वैनींची." त्यानं हात काढला आणि रेघ पुन्हा बुजली. "म्हनाल्या, हातातनं पडली."

मी उभीच होते. त्यानं टेप गुंडाळली, पिशवीत टाकली, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"कसं हाय वैनी, पन्नास घरं बगितली की कळतं. इस्त्री पडली तर कड लागती, न्हाईतर टोक. मानूस दचकतो, लगीच उचलतो. तेवढ्यात एवडासा चटका बसतो, कातरीनं वरची लव कापली की जातो. आख्खी इस्त्री अशी उमटत न्हाई. ती ठिवावी लागती. आनि ठिवून थांबावं लागतं."

तो प्रमिलाबद्दल बोलत होता, पण बोलत होता माझ्याबद्दलही. शनिवारी दुपारी मी इस्त्री गालिच्यावर ठेवली आणि एकोणतीसचा पाढा म्हटला. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद झाल्यावर उचलली. जळक्या केसांसारखा वास सुटला होता, आणि मला मनातून इतकं बरं वाटलं होतं की मी पंख्याचं बटणसुद्धा दाबलं नव्हतं.

"चहा करते," मी म्हणाले.

मी चहा आणला तेव्हा तो दिवाणाला टेकून खाली बसला होता. एक घोट घेऊन म्हणाला, "छान हाय." मग स्वतःशीच हसला. "ह्यो सबूद लई बेकार, वैनी. ह्येनंच समदं रामायन झालं."

"कसलं?"

"मी तवा कोल्हापूरला शोरूममदी हुतो. साहेब आनि पयल्या वैनी आल्या. मालकानं चहा सांगितला. साहेब नमुने बगत हुते. वैनी खुर्चीत बसल्याल्या, तोंड रस्त्याकडं, चहा पीत. साहेबांनी ह्यो इटकरी नमुना उचलला आनि तितनंच इचारलं, 'कसा आहे?' वैनी म्हनाल्या, 'छान आहे.' मी अगदी शेजारी उबा हुतो. वैनींनी वळून बगितलंच न्हाई. त्या चहाला म्हनाल्या."

मी कप खाली ठेवला.

"मग त्यांनी सांगितलं का नाही?"

"सांगाय तोंड उगडलं की. पर तवर साहेब मालकाला म्हनून मोकळे. 'आमच्या मिसेसना पसंत आहे, हाच टाका.' असे हरकलेले साहेब, लहान पोरागत. वैनींनी बगितलं त्येंच्याकडं आनि गप बसल्या. चहाबी तसाच ठिवला."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. दस्तगीरनं चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि हातातल्या फडक्यानं चौकोनातली धूळ पुसायला लागला.

"घालाय आलो तवा हितंच उब्या हुत्या. अनवानी. ही फरशी त्येंचीच पसंती. घर बांदताना एकेक लादी उनात उबं ऱ्हाऊन बसवून घेतल्याली. मला म्हनाल्या, 'मिस्त्री, कडेला खिळे मारणार का?' म्हनलं, पट्टी ठोकावी लागती. म्हनाल्या, 'ठोकू नका, चिकटवा. फरशीला टवका जाता कामा नये.' म्हनलं, वैनी, झाकनाऱ्या फरशीची एवडी काळजी कशापायी?"

"मग?"

"म्हनाल्या, 'कधीतरी निघेल.'"

तो उठला. उजवा गुडघा त्यानं हातानं दाबून सरळ केला. "आता बोला. तुकडा हितल्या कपाटाखालनंबी निगतो. पॅच बसंल. खोटं मी सांगनार न्हाई. काय करू?"

"तुम्ही साहेबांना काहीच सांगू नका," मी म्हणाले. "मी सांगते."

तो गेल्यावर मी पाण्याची बादली आणली आणि चौकोन स्वच्छ पुसला. चार लाद्या अर्ध्यामुर्ध्या दिसत होत्या. साईसारख्या पांढऱ्या रंगावर गेरूचा तांबडा, आणि जिथे चार कोपरे जुळतात तिथे एक छोटं काळं पान. मी पाय ठेवून बघितला. मेच्या त्या दुपारी घरात तेवढीच एक गार जागा होती.

खरं सांगते, मला समाधान वाटलं नाही. माझा जळफळाट झाला. गालिच्यावरून तिच्यावर जळणं सोपं होतं, कारण गालिचा मला आवडत नव्हता. तिला अभिरुची नव्हती असं मी मनाशी म्हणू शकत होते. ही फरशी पन्नास नमुन्यांतून मीही हीच निवडली असती. आणि तिनं ती माझ्या आधी निवडून ठेवली होती, चिकटवून सांभाळून ठेवली होती. मी तिथेच बसून राहिले. हिरवा नमुना समोर पडला होता आणि त्या फरशीशेजारी तो भिकार दिसत होता.

हे सहाला आले. सरकलेला दिवाण बघून दारातच थांबले.

"काय म्हणाला दस्तगीर? पॅच बसेल?"

"दिवाणाखालचा तुकडा आधीच काढलेला आहे."

"अरे हो." ह्यांनी बॅग खुर्चीवर ठेवली. "मी विसरलोच होतो. प्रमिलाच्या हातून एकदा इस्त्री पडली होती. पॅच बसल्यावर काय रडली होती बिचारी. जळला त्या दिवशी नाही, बरं का. दस्तगीर पॅच बसवून गेला, अगदी होता तसा झाला, त्या दिवशी रडली. इतका जीव होता तिचा या गालिच्यावर."

अकरा महिने ज्याची वाट बघत होते, ते माझ्या हातात आलं होतं. पण त्याच्या आधी मला माझं सांगायचं होतं.

"माझ्या हातून पडली नाही," मी म्हणाले. "मी ठेवली."

ह्यांना समजलं नाही. "काय ठेवलीस?"

"इस्त्री. गालिच्यावर ठेवली आणि जळेपर्यंत थांबले."

हे खाली दिवाणावर बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत. "का?" एवढंच विचारलं.

"मला हा गालिचा आवडत नाही. पहिल्या दिवसापासून आवडत नाही."

"पण तू म्हणाली होतीस. याच खोलीत. मी विचारलं, कसा वाटला, आणि तू म्हणालीस, छान आहे."

"ते मी शिऱ्याला म्हणाले."

"शिऱ्याला?"

"शिरा पुल्लिंगी, गालिचा पुल्लिंगी. तुम्ही 'कसा वाटला' म्हणालात, नाव घेतलं नाहीत. माझ्या हातात शिऱ्याची बशी होती."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझा डाग बघितला. मग दिवाणापुढचा चौकोन. मग पुन्हा खिडकीखाली, डागाच्या शेजारी, जिथे दस्तगीरचा पॅच होता आणि दिसत नव्हता. एंजिनिअर माणूस, मोजमापात कधी चुकला नाही. वीतभर अंतर त्यानं मोजलं असावं.

"कुमुद," हे अगदी हळू म्हणाले. "आणि प्रमिला? तिची इस्त्री...?"

चहासुद्धा पुल्लिंगी. एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. ते बोलले असते तर प्रत्येक पाहुण्यापुढचं ते वाक्य कायमचं बंद झालं असतं. आणि ह्यांच्या मनातली ती कधीच न खेकसलेली, कधीच आमटी खारट न केलेली बायको त्या गालिच्याबरोबरच गुंडाळली गेली असती. मला ते हवं होतं. फार हवं होतं. पण मला ती दिसली, खिडकीशी बसलेली, समोर इस्त्री, आणि मनातल्या मनात कसलातरी पाढा म्हणत असलेली. मग पॅच अगदी होता तसा बसल्यावर रडलेली.

"तिची पडलीच होती," मी म्हणाले. "दस्तगीर म्हणाला."

ह्यांनी मान हलवली. "हो," ते फरशीकडे बघत म्हणाले. "पडलीच होती."

त्यांना ते पटलं का, हे मी विचारलं नाही. उठता उठता त्यांनी विचारलं, "मग नवा कुठल्या रंगाचा घ्यायचा?"

"कुठल्याच नको," मी म्हणाले. "हा नुसता काढा."

त्याच आठवड्यात दस्तगीर येऊन गालिचा गुंडाळून घेऊन गेला. कडेचा चिकटा रॉकेलनं निघाला. अठरा बाय चौदाच्या फरशीला एक टवका नव्हता. मी तिच्यावरून अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि संध्याकाळी हॉलमध्ये बसून दोघांनी पन्हं प्यायलं.

माझी सुटका झाली असं मात्र समजू नका. पुढच्याच रविवारी पाहुणे आले, खाली बघून म्हणाले, "वा, फरशी सुरेख आहे." आणि हे म्हणाले, "प्रमिलानं निवडलेली." मी आत जाऊन डाळीला फोडणी दिली, जरा जास्तच तडतडली. पण या वेळी ते वाक्य निदान खरं होतं, आणि खऱ्यावर मला तोंड उघडता येईना.

याला आता तिसाहून जास्त वर्षं झाली. दस्तगीर गेला. तांब्यावरचं नाव अजून वाचता येतं. भांड्यावरचं नाव झिजायला एक जन्म पुरत नाही, असं दिसतं. मागच्या दिवाळीत कऱ्हाडच्या नणंदेची नातसून पहिल्यांदा घरी आली. पायातल्या सपाता काढून ती हॉलभर फिरली, वाकून ते काळं पान बोटानं चाचपलं. म्हणाली, "आजी, अशी फरशी आता शोधूनही मिळत नाही. कुणी निवडली हो?"

हे दिवाणावर पेपर वाचत होते. पेपर खाली आला. तोंड उघडलं. ते वाक्य मला पाठ होतं, म्हणून मी त्यांच्या आधी बोलले.

"आम्ही दोघींनी."

मुलीला वाटलं, म्हातारी बोलताना चुकली. तिनं हसून ह्यांच्याकडे बघितलं. "दोघींनी की दोघांनी, आजोबा?"

ह्यांनी पेपरची घडी घातली.

"दोघींनी," ते म्हणाले. "मी त्या वेळी गालिच्याचे नमुने बघत होतो."

मी चहा टाकायला आत गेले.